चित्रपटांतून सुटलेलीं गाणीं

चित्रपटांतलें गाणें चित्रपटांतून काढून घेतलें तर मागें काय उरतें, हा प्रश्न आपल्याकडे सहसा कोणी विचारीत नाहीं. कारण त्याचें उत्तर आपल्या घरोघर रोज ऐकूं येत असतें. ज्यांनीं 'स्वयंवर' किंवा 'मानापमान' रंगभूमीवर कधीं पाहिलें नाहीं, त्यांनाही बालगंधर्वांचीं पदें तबकड्यांवरून पाठ झालीं. आणि ज्या बोलपटाची कथा लोक केव्हांच विसरून गेले, त्याचें एखादें गीत घरांतील तीन-तीन पिढ्या गुणगुणत आल्या. नाटक बुडालें तरी पद तरलें, हा आपला जुना अनुभव आहे.

तथापि हें तरणें सर्वच गाण्यांच्या नशिबीं नसतें. कांहीं गाणीं कथेच्या आधारावांचून पांगळीं ठरतात. कांहीं कथेचें ओझें उतरतांच उलट ताठ उभीं राहतात. कोणतें गाणें कोणत्या जातीचें आहे हें पारखण्यास संग्रहासारखें साधन नाहीं. निरनिराळ्या चित्रपटांतून उचललेलीं गाणीं एका ओळींत बसविलीं, म्हणजे प्रत्येकाला स्वतःच्या पायांवर उभें राहावें लागतें. या दृष्टीनें आइस क्यूब या अमेरिकन रॅप-गायकाचा 'इन द मूव्हीज' हा २००७ सालीं निघालेला संग्रह विचार करण्याजोगा आहे. निरनिराळ्या चित्रपटांसाठीं त्यानें म्हटलेलीं गाणीं यांत एकत्र केलेलीं आहेत. आणि त्यांतील बहुतेक चित्रपटांत तो स्वतः नट म्हणून, कित्येकांत लेखक किंवा निर्माता म्हणूनही वावरला आहे.

रॅप हें नांव ऐकतांच पुष्कळ सुशिक्षित घरांत कपाळाला आठी पडते. ती सर्वस्वीं अकारण आहे असें म्हणतां येणार नाहीं. त्याविषयीं पुढें बोलूंच. परंतु आठी घालण्यापूर्वीं ही वस्तु काय आहे तें पाहिलें पाहिजे. १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागांत, कृष्णवर्णीयांच्या गरीब वस्तींत, तबकड्यांच्या तालावर वेगानें पद्य म्हणण्याची जी रीत सुरू झाली, तिचें हें वाढलेलें रूप होय. यांत स्वरांपेक्षां शब्दाला आणि शब्दापेक्षांही त्याच्या फेकीला महत्त्व असतें. आपल्या शाहिराची आठवण येथें सहजच होते. डफावर थाप पडते, शाहीर आपलें नांवगांव सांगतो, प्रतिपक्षाला डिवचतो, डोळ्यांनीं पाहिलेली हकीकत तिखटमीठ लावून ऐकवितो. रॅप-गायकाचाही धर्म हाच. फरक इतकाच कीं, शाहिराला बहुधा कोणातरी वीराचा पराक्रम गावयाचा असतो. रॅप-गायक आपल्या गल्लीची कैफियत मांडतो.

आइस क्यूबची गल्ली लॉस एंजेलिस शहराच्या दक्षिण-मध्य भागांतली. त्याचें खरें नांव ओशे जॅक्सन. जन्म १९६९ चा. वास्तुरेखनाचा अभ्यासक्रम पुरा करून आलेला हा तरुण एन.डब्ल्यू.ए. या मंडळींत शब्दांचा मुख्य कारागीर होता. १९८८ च्या 'स्ट्रेट आउटा कॉम्प्टन' या त्यांच्या संग्रहानें अमेरिकेंत खळबळ उडविली. पुढल्याच वर्षीं पैशांच्या हिशेबावरून बिनसलें आणि क्यूब बाहेर पडून स्वतंत्रपणें गाऊं लागला. हा हिशेबीपणा लक्षांत ठेवण्यासारखा आहे. संग्रहांतील शेवटच्या शेवटच्या गाण्यांकडे जातांना तो उपयोगीं पडेल.

आणखी एक गोष्ट आरंभींच सांगितली पाहिजे. प्रस्तुत संग्रह प्रायॉरिटी या ध्वनिमुद्रण-कंपनीनें काढला. क्यूबच्या उमेदीच्या काळांतल्या तबकड्या हिच्याच. पण २००६ पासून तो आपल्या स्वतःच्या संस्थेमार्फत नवीं गाणीं काढूं लागला होता. म्हणजे हें पुस्तक कवीनें निवडलेलें नसून जुन्या प्रकाशकानें आपल्या कोठारांतून बांधलेलें आहे. अशा बांधणींत कवीचा हेतु शोधूं नये. परंतु कधींकधीं दुकानदारानें सहज एकत्र बांधलेल्या गठ्ठ्यांतूनही कवीचें असें चरित्र बाहेर पडतें, जें त्यानें स्वतः लिहिलें नसतें.

आतां या गाण्यांचें चित्रपटाशीं नातें कसें असतें तें पाहूं. आपल्या बोलपटांत पात्र ओठ हालवितें, पार्श्वगायक गातो, आणि गाणें कथेंतल्या एखाद्या व्यक्तीच्या अंतःकरणांतून निघालें असें आपण मानून चालतों. १९९० नंतरच्या या अमेरिकन चित्रपटांत पात्र सहसा गात नाहीं. गाणें कोठें मोटारींतल्या रेडिओवर ऐकूं येतें, कोठें अखेरची नामावली सरकत असतांना वाजतें, आणि कित्येकदां चित्रपटांत न वाजतांच केवळ त्याच्या नांवानें निघालेल्या संग्रहांत समाविष्ट होतें. त्यामुळें चित्रपटाला जाहिरात मिळते आणि तबकडीला गिऱ्हाईक. असलें गाणें कथेच्या आंतही नसतें आणि पुरतें बाहेरही नसतें. तें उंबरठ्यावर उभें असतें.

उंबरठ्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाला तीन कामें करतां येतात. तो सूत्रधार होऊन आंत काय चाललें आहे याचा अर्थ बाहेरच्यांस सांगूं शकतो; भालदार होऊन नुसती मालकाच्या नांवाची ललकारी देऊं शकतो; किंवा वाजंत्री होऊन, आंत लग्न कोणाचें आहे याची चौकशी न करतां, वाजवीत राहूं शकतो. या तिन्ही भूमिका प्रस्तुत संग्रहांत आहेत. आणि कोणती केव्हां आली हें पाहणें हाच त्याच्या परीक्षणाचा खरा मार्ग. त्यासाठीं हीं गाणीं चित्रपटांच्या सालांच्या क्रमानें ऐकावींत, अशी आमची वाचकांस सूचना आहे.

पहिलें गाणें १९९१ चें. जॉन सिंगल्टन या अवघ्या तेवीस वर्षांच्या तरुणानें दिग्दर्शित केलेला 'बॉइझ एन द हूड' हा चित्रपट त्या वर्षीं आला. उत्कृष्ट दिग्दर्शनाच्या ऑस्करसाठीं ज्यांचीं नांवें आजवर पुढें आलीं त्यांत सिंगल्टन हा वयानें सर्वांत लहान, आणि तो मान मिळालेला पहिला कृष्णवर्णीय. या चित्रपटाचें नांवच मुळीं क्यूबनें १९८७ मध्यें ईझी-ई या गायकासाठीं लिहिलेल्या गाण्यावरून घेतलेलें आहे. ज्यानें तें लिहिलें त्यालाच चार वर्षांनीं डोबॉय या उनाड, रागीट, पण आंतून जखमी अशा तरुणाची भूमिका मिळाली. शेवटच्या प्रसंगीं डोबॉय आपल्या मित्राला सांगतो कीं, दूरदर्शनवर परदेशांतल्या हाणामारीच्या बातम्या दाखविल्या, पण काल गोळी लागून मेलेल्या आपल्या भावाविषयीं चकार शब्द निघाला नाहीं. तो प्रसंग पाहून डोळे कोरडे राहणें कठीण.

या चित्रपटासाठीं म्हटलेलें क्यूबचें गाणें मात्र डोळे ओले करण्याच्या भानगडींत पडत नाहीं. तें प्रवाशांसाठीं लिहिलेल्या माहितीपुस्तिकेचा वेष घेतें. सहलीला आलेल्या पाहुण्याचें गोड आवाजांत स्वागत होतें, आणि मग या भागांत जिवंत कसें राहावें याचे नियम एकामागून एक क्रमांक घालून सांगितले जातात. नियम ऐकतां ऐकतां पाहुण्याच्या लक्षांत येतें कीं, हे पाळणें म्हणजे माणूसपण सोडणें. आणि येथील रहिवासी तर ते जन्मापासून पाळीत आहेत. उपरोधाचा हा प्रकार आपल्याकडे अपरिचित नाहीं. उलट सल्ला देऊन सुलट गोष्ट पटविणें ही श्रीपाद कृष्णांच्या सुदाम्याचीच युक्ति. परंतु या गाण्याचें खरें बळ निराळेंच आहे. हा पाहुणा कोण? तिकीट काढून, थंड अंधारांत बसून, दुसऱ्याच्या वस्तींतलें मरण पाहावयास आलेला प्रेक्षक तोच हा पाहुणा! चित्रपट प्रेक्षकाजवळ करुणा मागतो. गाणें त्याला विचारतें, कीं तूं येथें कशाला आलास? एकाच वस्तूच्या या दोन बाजू होत. सूत्रधाराचें काम याहून चोख क्वचितच झालें असेल. चित्रपट न पाहतांही हें गाणें पुरें उभें राहतें; आणि पाहिल्यावर ऐकलें तर चित्रपटाला एक नवा शेवट जोडून देतें.

दुसऱ्या वर्षीं वॉल्टर हिल यांचा 'ट्रेसपास' आला. यांत क्यूब आणि आइस-टी हे दोन रॅप-गायक नट म्हणून समोरासमोर आहेत आणि त्याच नांवाचें गाणेंही दोघांनीं मिळून म्हटलें आहे. या चित्रपटाचें मूळ नांव 'लुटारू' या अर्थाचें होतें. परंतु रॉडनी किंग या कृष्णवर्णीयास मारहाण केल्याचा आरोप असलेले पोलीस सुटले, आणि एप्रिल १९९२ च्या अखेरीस लॉस एंजेलिस पेटलें. दंगलींत साठांहून अधिक माणसें मेलीं. पडद्यावर तें नांव झळकविण्याची मग सोय राहिली नाहीं. नांव बदललें आणि प्रदर्शनही लांबलें. ज्या शहराच्या असंतोषाची वर्दी क्यूब वर्षानुवर्षें देत होता तें शहर खरोखर जळालें, आणि त्याच वर्षीं त्याच्या गाण्याला एका नव्या, निरुपद्रवी नांवाची पाटी मिळाली! गाणें जोरकस आहे. दोन आवाजांची जुगलबंदी ऐकण्यासारखी आहे. पण तें आपल्या चित्रपटाच्या नांवापलीकडे फारसें कोठें जात नाहीं. सूत्रधाराच्या हातीं येथें भालदाराची काठी आली.

१९९४ मध्यें डॉ. ड्रे या आपल्या जुन्या सोबत्याबरोबर क्यूबनें म्हटलेलें गाणें संग्रहांतील सर्वांत गाजलेल्यांपैकीं एक. 'मर्डर वॉज द केस' या अवघ्या अठरा मिनिटांच्या लघुपटाच्या संगीतांत तें आलें. मंडळी फुटल्यानंतर या दोघांत उघड वैर होतें; तें मिटल्याची ही जाहीर द्वाही. ध्वनिरचना भेदक आहे, आणि दोघांची फेक एकमेकांना चढवीत नेते यांत संशय नाहीं. पण जीं खुनाचीं वर्णनें येथें येतात तीं कोणत्या गल्लींतलीं, कोणी कोणावर केलेलीं, कशासाठीं, याचा पत्ता लागत नाहीं. १९९१ च्या गाण्यांत बंदूक होती तिला कारण होतें; हें बंदुकीचें नाटक आहे. जत्रेंतल्या भुताच्या तंबूंत शिरल्यावर जें सुख होतें तें हें सुख, आणि तंबूबाहेर येतांच तें संपतें. हिंसेचा उच्चार काव्यांत निषिद्ध नाहीं; निषिद्ध असेल तर कारणाशीं नातें तोडलेली हिंसा.

याच्या पुढच्याच वर्षीं 'फ्रायडे' आला आणि क्यूबनें सर्वांस चकित केलें. डीजे पूह याच्यासह त्यानें स्वतः लिहिलेली ही कथा एफ. गॅरी ग्रे यांनीं थोड्या भांडवलांत व थोड्या दिवसांत चित्रित केली. वस्ती तीच, पण येथें नोकरी गेलेला एक तरुण आपल्या मित्रासह घराच्या ओसरीवर बसला आहे, आणि शुक्रवारचा सबंध दिवस त्या ओसरीसमोरून सरकत आहे. शेजारी भांडतात, उसनें मागतात, चोऱ्या होतात, वडील उपदेश करतात. शेवटीं गल्लीच्या गुंडापुढें नायकाच्या हातीं पिस्तूल येतें, आणि वडिलांचे शब्द आठवून तो तें खालीं ठेवतो. त्याच नांवाचें गाणें या चित्रपटाची गंमत पुरेपूर उचलतें. प्रत्येकानें आपापल्या वस्तीचें नांव अभिमानानें मिरवावें असें तें आवाहन करतें. ज्या भागांत पाहुण्यानें जिवंत कसें राहावें याची चार वर्षांपूर्वीं नियमावली निघाली, तेथेंच माणसें सुट्टीही घालवितात, हसतात, एकमेकांची थट्टा करतात, ही बातमी या गाण्यानें दिली. दुःखाची बातमी देणारे पुष्कळ असतात. गरिबांच्या घरचा आनंद खोटा न करतां सांगणें अवघड. हें दुसरें सूत्रधाराचें गाणें होय.

यानंतर उतरण लागते. १९९७ चा 'डेंजरस ग्राउंड' हा चित्रपट वर्णभेदाच्या राजवटीनंतरच्या दक्षिण आफ्रिकेंत घडतो. अमेरिकेंत वाढलेला नायक वडिलांच्या अंत्यविधीसाठीं मायदेशीं परततो, हरवलेल्या भावाचा शोध घेतो, आणि आपल्याच भूमींत आपण परके झालों आहोंत असें त्याला आढळतें. एवढा मोठा विषय हाताशीं असतांना क्यूबच्या गाण्याचें ध्रुपद काय, तर जग माझें आहे! कथेंतल्या माणसाला पायाखालची जमीनही आपली वाटत नाहीं, आणि उंबरठ्यावरचा भालदार सबंध पृथ्वीच्या मालकीची ललकारी देत आहे. ही विसंगति मुद्दाम साधली असती तर तिला उपरोध म्हटलें असतें. गाण्यांत तशी खूण मात्र कोठेंही नाहीं.

१९९८ च्या 'द प्लेयर्स क्लब' चें उदाहरण याहून बोलकें आहे. हा चित्रपट क्यूबनें स्वतः लिहिला आणि स्वतः दिग्दर्शित केला. डायना ही तरुण आई कॉलेजचें शिक्षण पुरें करण्यासाठीं एका रात्रीच्या क्लबांत विवस्त्र नाचण्याचें काम पत्करते, आणि तेथील लोभ व अपमान यांतून स्वतःची वाट काढते. चित्रपट कांहींसा भडक असला तरी या मुलीकडे तो माणूस म्हणून पाहतो. परंतु त्याबरोबर निघालेल्या गाण्यांत क्लब उरला, नाच उरला, आणि डायना नाहींशी झाली! जिच्यासाठीं कथा रचली तिलाच कवीनें आपल्या गाण्यांत विसरावें, याला काय म्हणावें? रॅपमधील स्त्रियांच्या चित्रणावर जो आक्षेप घेतला जातो तो घेणाऱ्यांना सोवळे म्हणून उडवून लावण्याची रीत आहे. येथें ती चालावयाची नाहीं. कारण आक्षेप घेणारा साक्षीदार कवीचा स्वतःचाच चित्रपट आहे.

पुढें 'नेक्स्ट फ्रायडे' च्या निमित्तानें आलेलें, मॅक टेन आणि मिस टॉय यांच्यासह म्हटलेलें गाणें केवळ नाचासाठीं आहे, आणि नाचासाठीं तें उत्तम आहे. त्याची लोकप्रियता इतकी टिकाऊ कीं, इंग्लंडांत तें २००४ च्या अखेरीस लोकप्रिय गाण्यांच्या यादींत दुसऱ्या स्थानापर्यंत चढलें. हें वाजंत्र्याचें काम. लग्न कोणाचेंही असो. शेवटीं २००२ च्या 'ऑल अबाउट द बेंजामिन्स' या चित्रपटाचें गाणें येतें. ज्या शंभर डॉलरांच्या नोटेवर बेंजामिन फ्रँकलिन यांचें चित्र आहे तिच्यावरून चित्रपटाला नांव मिळालें, आणि गाण्यालाही तीच नोट पुरली. जिवंत राहण्याच्या नियमांपासून निघालेला प्रवास अकरा वर्षांत नोटेपाशीं येऊन थांबला.

यावर एक उत्तर तयार असतें. गरीब वस्तींतला मुलगा आपल्या बुद्धीवर श्रीमंत झाला तर सुखवस्तु टीकाकारांच्या पोटांत कां दुखावें? हें उत्तर न्याय्य आहे आणि आमचा आक्षेप त्याच्या श्रीमंतीवर नाहींच. ज्यानें पहिल्याच कमाईच्या हिशेबांत आपली फसवणूक होत आहे असें वाटतांच विसाव्या वर्षीं घर सोडलें, त्यानें पुढें आपला हिशेब चोख ठेवला, यांत गैर काय? शिवाय नट व निर्माता म्हणून त्यानें इतरांनाही कामें मिळवून दिलीं. प्रश्न पैशाचा नाहीं, श्रोत्याचा आहे. १९९१ च्या गाण्यांत कवि कोणाशीं बोलत आहे हें पहिल्या ओळीपासून समजतें: बाहेरून आलेल्या, अजाण, आणि म्हणूनच थोड्या अपराधी पाहुण्याशीं. 'फ्रायडे' मध्यें तो आपल्या शेजाऱ्यांशीं बोलतो. पुढें पुढें समोर कोणीच उरत नाहीं. उरतो तो विकत घेणारा. समोर माणूस दिसत असला म्हणजे शिवीसही अर्थ असतो. तो दिसेनासा झाला कीं शिवी ही नुसती संवय होऊन बसते. या संग्रहांतील असभ्य शब्दांविषयीं आमचें मत विचाराल तर तें इतकेंच आहे. पहिल्या गाण्यांतही ते आहेत, शेवटच्यांतही आहेत. पण पहिल्यांत ते ऐकून आपण अस्वस्थ होतों, शेवटच्यांत कंटाळतों. कुटुंबानें एकत्र बसून ऐकण्याजोगा हा संग्रह नव्हे, हें स्वच्छ सांगितलें पाहिजे. जाणत्यांनीं ऐकूंच नये असा मात्र नव्हे.

हा विचार आपल्यापासून फार दूरचा आहे असें कोणी समजूं नये. मुंबईच्या वस्त्यांतून गेल्या कांहीं वर्षांत हीच कला उगवली आहे, आणि २०१९ च्या 'गली बॉय' या हिंदी चित्रपटानें ती मध्यमवर्गीय घरांत आणून पोंचविली. डिव्हाइन आणि नेझी या दोन तरुणांच्या आयुष्यावरून त्या कथेला स्फूर्ति मिळाली. त्यांनीं २०१५ मध्यें काढलेलें गाणें नव्या रूपांत त्यांतल्या नायकाच्या तोंडीं आलें. येथें आपली जुनी पद्धत आणि ही नवी कला यांची गांठ पडली. रॅपचा प्राण 'मी' या शब्दांत आहे: मीं पाहिलें, मीं सोसलें, माझी गल्ली. तो 'मी' नटाच्या ओठांवर गेला म्हणजे त्याला लाखो श्रोते मिळतात, पण तो 'मी' कोणाचा हा प्रश्नही त्याबरोबर उभा राहतो. क्यूबला ही अडचण निराळ्या रीतीनें आली. नट तोच, कवि तोच, कधीं दिग्दर्शकही तोच. तरी चित्रपटांतला माणूस आणि गाण्यांतला माणूस यांची ताटातूट झालीच. यावरून दिसतें कीं दोष परक्या ओठांचा नाहीं. चित्रपट कवीला मोठें घर देतो. त्या घरांत राहून गल्लीकडची खिडकी उघडी ठेवणें ही कवीचीच जबाबदारी. मराठींत आज जे तरुण आपल्या बोलींत रॅप रचीत आहेत, त्यांनीं हा संग्रह याच दृष्टीनें ऐकावा.

क्यूबची स्वतःची कहाणी पुढें पडद्यावरच आली. २०१५ च्या 'स्ट्रेट आउटा कॉम्प्टन' या चित्रपटांत त्या जुन्या मंडळींचा इतिहास एफ. गॅरी ग्रे यांनींच सांगितला, आणि क्यूबची भूमिका त्याच्या मुलानें केली. गाण्यावरून चित्रपटाला नांव मिळण्याचा जो योग १९९१ मध्यें आला होता तोच येथें पुन्हां जुळला. सिंगल्टन २०१९ मध्यें, ऐन पन्नाशींत, वारला. त्याचा पहिला चित्रपट अजून पाहिला जातो. त्याच्याबरोबर निघालेली ती नियमावलीही अजून शिळी झालेली नाहीं, ही त्या शहराच्या दृष्टीनें दुःखाची आणि कवीच्या दृष्टीनें मानाची गोष्ट होय.

तेव्हां संग्रह समग्र संग्राह्य आहे काय, असें विचारल्यास आम्ही नाहीं म्हणूं. परंतु त्यांतील दोन गाणीं, एक पाहुण्यासाठीं आणि एक शेजाऱ्यासाठीं रचलेलें, ज्यानें लक्षपूर्वक ऐकलीं, त्याला या कलेचें सामर्थ्य कळेल. आणि उरलेलीं ऐकलीं तर तें सामर्थ्य कसें खर्च होतें, हेंही कळेल.